स्पायडर लिली: बागेतली कुठली, आपल्या मातीतली कुठली आणि ओळखायची कशी

पहिला चांगला पाऊस झाला की आपल्या बडोद्यात अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत सोसायट्यांच्या गेटपाशी, डिव्हायडरवर, बँकांच्या कंपाउंडमधे ती पांढरी फुलं एकदम वर येतात, सहा लांब बारीक पाकळ्या, मधे काहीतरी पातळ नाजूक, संध्याकाळी मस्त वास, आणि मग व्हॉट्सअॅपवर फोटो सुरू. खाली लिहिलेलं असतं "आपली देशी स्पायडर लिली". हे वाचलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही, कारण त्या फोटोतलं झाड बहुतेक वेळा देशी नसतंच, ते असतं हायमेनोकॅलिस, आणि बागेत लावतात त्या जातीचं गाव म्हणजे मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकापर्यंतचा पट्टा. झाड छान आहे, माझ्याकडेही आहे, फक्त ते इथलं नाही.

मग देशी कुठलं? तर आहेत, आणि एक-दोन नाही बरीच आहेत, पण ती दोन वेगळ्या घराण्यांत वाटलेली आहेत. एक क्रायनम, म्हणजे आपले आजी-आजोबा ज्याला नागदवणा किंवा सुदर्शन म्हणायचे ते आणि त्याचे भाऊबंद. दुसरं पॅनक्रेशियम, हे बागेत फारसं दिसत नाही, रानात, माळावर, समुद्राकाठी असतं आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस दिसून गायब होतं. ही तिन्ही, हायमेनोकॅलिस क्रायनम आणि पॅनक्रेशियम, एकाच कुळातली आहेत, ॲमॅरिलिडेसी, म्हणून तिघांनाही कंद, तिघांनाही पट्ट्यासारखी पानं, तिघांनाही एका दांड्याच्या टोकावर फुलांचा झुबका, आणि तिघांपैकी कशालाही लोक स्पायडर लिली म्हणतात. जपानी चित्रांत दिसते ती लाल स्पायडर लिली चौथीच, तिचं नाव लायकोरिस, चीन-जपानकडची, तिला फूल येतं तेव्हा पान नसतं, ती आज बाजूला ठेवू.

थोडा इतिहास सांगतो म्हणजे गोंधळ आपल्यापासून सुरू झालेला नाही हे कळेल. १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांची नावं लावायला घेतली तेव्हा त्याने पॅनक्रेशियम नावाखाली भूमध्य समुद्राकाठचं झाडही घातलं, सिलोनचंही घातलं आणि कॅरिबियन बेटांवरचंही घातलं, कारण तिघांच्याही फुलात मधे तो पातळ नाजूक पडदा होता. १७६३ ला जॅकँ नावाच्या माणसाने आपल्या आजच्या बागेतल्या लिलीचं नाव ठेवलं तेही पॅनक्रेशियमच. पुढे १८१२ मधे सॅलिसबरी नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतली झाडं वेगळी काढून त्यांना हायमेनोकॅलिस केलं. म्हणजे ज्यांचा तो धंदाच होता त्यांना हे वेगळं करायला साठ वर्षं लागली, तेव्हा आपण फोटो बघून गडबडलो तर काय मोठं.

आता मुद्द्यावर. फूल हातात असेल तर काम सगळ्यात सोपं, म्हणून तिथून सुरू करतो, आणि फूल नसेल तेव्हा, म्हणजे वर्षातले बरेच महिने, पान आणि कंदावर यावं लागतं, ते नंतर.

फुलाकडे वरून बघू नका, बाजूने बघा आणि मग आत बघा. पहिला प्रश्न एवढाच की मधे पेला आहे का नाही. स्पायडर लिलीच्या फुलात सहा पुंकेसर असतात, म्हणजे त्या सहा काड्या ज्यांच्या टोकाला पिवळा-केशरी पराग हलत असतो. हायमेनोकॅलिसमधे या सहा काड्या खालच्या बाजूला एका पातळ पांढऱ्या पडद्याने एकमेकींना जोडलेल्या असतात, छत्रीच्या काड्यांना कापड जोडतं ना तसा, आणि त्या पडद्याचा एक पेला तयार होतो. पाऊस पडला की त्यात पाणीही साठतं. पॅनक्रेशियममधेही असाच पेला असतो. क्रायनममधे नसतो, तिथे सहाही काड्या खालपासून सुट्या, आणि नागदवण्याच्या तर वरच्या भागात लालसर-जांभळ्या असतात, लांबूनही दिसतात. तेव्हा पेला नसेल तर क्रायनम, अर्धं काम झालं. बागेत ही एक गोष्ट बघितली तरी निम्मे वाद मिटतात, पण लोक फोटो काढतात तो नेमका वरून, पाकळ्या छान पसरलेल्या दिसाव्यात म्हणून, आणि त्यात पेला आणि पाकळ्या सगळं एकाच पांढऱ्या रंगात मिसळून जातं.

पेला आहे असं ठरलं तर पुढचा प्रश्न हायमेनोकॅलिस की पॅनक्रेशियम. इथे पेल्याची कड बघायची. पॅनक्रेशियममधे दोन पुंकेसरांच्या मधल्या जागेत पेल्याला स्पष्ट दात असतात, बहुतेक जातींत दोन-दोन, म्हणजे पूर्ण गोल फिरलात तर बारा टोकं. हायमेनोकॅलिसची कड बऱ्यापैकी सपाट किंवा थोडीशी वाकडीतिकडी, कधी बारीक दातही दिसतात म्हणून फक्त यावर विसंबू नका. दुसरं म्हणजे आकार. बागेतली हायमेनोकॅलिस दणदणीत असते, जाडजूड चपटा दांडा, फूल उघडल्यावर पाकळ्या पेल्याच्या मानाने खूपच लांब आणि बाहेर लोंबणाऱ्या. आपली रानातली पॅनक्रेशियम पार्व्हम तर नावाप्रमाणेच छोटी, गवतातून कशीबशी डोकं वर काढलेली. पॅनक्रेशियम ट्रायफ्लोरम जरा मोठी, रॉक्सबर्गने नोंदवलेली. हे रॉक्सबर्ग १७९३ पासून कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे मुख्य होते आणि आपल्याकडच्या कितीतरी झाडांच्या नावामागे त्यांचं नाव लागतं. पार्व्हमचं नाव ठेवलं डॅल्झेलने, ते मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले.

पेला बघून फसायची अजून एक जागा आहे, युकॅरिस. पांढरं फूल, मधे पेला, सावलीत कुंडीत लावतात, लोक तिलाही स्पायडर म्हणतात. पण तिच्या पाकळ्या रुंद असतात आणि फूल खाली मान घालून असतं, पान देठाचं आणि रुंद. तीही दक्षिण अमेरिकेची. देशी नाही, विषय संपला.

फुलाच्या खालचा भागही बघा. पाकळ्यांच्या खाली लांब हिरवट नळी असते आणि त्या नळीच्याही खाली छोटा हिरवा फुगवटा, तो म्हणजे बीजकोश. तिन्ही स्पायडर लिलींत तो फुलाच्या खाली असतो. खऱ्या लिलीत, म्हणजे लिलियम, लग्नाच्या बुकेत असते ती, तो फुलाच्या आत असतो. म्हणून आपल्या या सगळ्या नावाच्याच लिली आहेत, कुळाने लिली नाहीत. ती नळी इतकी लांब का, तर ही फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वास सोडतात आणि लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग येऊन मध पितात. पांढरा रंग, रात्रीचा वास, लांब नळी हे सगळं एकाच गिऱ्हाइकासाठी आहे, म्हणून तीन वेगळ्या घराण्यांची फुलं दिसायला सारखी झाली. फूल बघायला सकाळी अकराला गेलात तर अर्ध मलूल झालेलं मिळेल, सात-साडेसातला जा.

क्रायनममधेही सगळी स्पायडरसारखी दिसत नाहीत हे लक्षात ठेवा. क्रायनम लॅटिफोलियमच्या पाकळ्या रुंद, पांढऱ्यावर मधोमध गुलाबी पट्टा, नळी वाकलेली आणि फूल कर्ण्यासारखं तोंड करून कलतं, त्याला कोणी स्पायडर म्हणणार नाही पण सुदर्शन नक्की म्हणतील. बारीक पाकळ्यांचे क्रायनम म्हणजे मुख्यतः दोन. एक क्रायनम एशियाटिकम, मोठा नागदवणा, मुळात समुद्रकिनाऱ्याचा पण आता सगळीकडे बागेत, एका दांड्यावर वीस-पंचवीस फुलं सहज. आणि दुसरं क्रायनम व्हिव्हिपॅरम, ज्याला जुन्या पुस्तकांत डिफिक्सम म्हणतात, हे नदीकाठच्या चिखलात, ओढ्यात, तळ्याच्या कडेला उगवतं, पानं अरुंद, फुलं कमी पण रूप अगदी कोळ्याचं. हे शोधायचं म्हणून विश्वामित्रीच्या काठाला उतरू नका बरं का, तिथे मगरी आहेत हे काय मी बडोदेकरांना सांगायला पाहिजे.

आणि महाबळेश्वर-पाचगणीला मे-जूनमधे कधी जाणं झालं तर क्रायनम ब्रॅकिनेमा हे नाव लक्षात असू द्या, पश्चिम घाटाबाहेरचं नाही, फारच थोडं उरलंय, त्याचे पुंकेसर इतके आखूड की फुलाच्या बाहेर येतच नाहीत. दिसलं तर फोटो काढा आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका. का ते सांगायला नको, कंद उकरून नेणारे लोक ग्रुप वाचतात.

आता फूल नसेल तेव्हाचं. सगळ्यात आधी पानं जमिनीतून निघतात कशी ते बघा, लांबी-रुंदी नंतर. नागदवण्याला खाली जाडजूड मान असते, म्हणजे पानांच्या बुडांची एकावर एक गुंडाळी होऊन खोटं खोड तयार होतं, जुन्या झाडाला ते चांगलं फूटभर किंवा जास्तही वर येतं, आणि पानं त्याच्या टोकाला चहूबाजूंनी फिरलेली. पान भलं रुंद, हाताच्या पंज्याएवढं सहज, आणि लांबी मीटरभर. हे झाड लांबूनही ओळखू येतं. बागेतल्या हायमेनोकॅलिसला अशी वर आलेली मान नसते, पानं जमिनीलगत निघतात आणि मुख्य म्हणजे दोन ओळींत, एक डावीकडे एक उजवीकडे, नवं झाड एकटं असेल तर वरून बघितल्यावर पंख्यासारखं लगेच कळतं. जुन्या गच्च झालेल्या बेटात दहा झाडं एकमेकांत घुसलेली असतात तेव्हा हे दिसत नाही, मग कडेचं एक सुटं झाड शोधायचं. पान गडद हिरवं, चकचकीत, मधे लांब खोबण आणि मागच्या बाजूला कणा उठलेला. आपल्या उन्हाळ्यातही, जरा पाणी असलं तर, हिरवंच राहतं.

हायमेनोकॅलिसमधेच एक वेगळी जात आहे स्पेसिओसा नावाची, तिचं पान मधे रुंद होऊन खाली देठासारखं निमुळतं होतं, सावलीत चांगली होते. हीसुद्धा बाहेरची, वेस्ट इंडीजकडच्या छोट्या बेटांची. पांढऱ्या कडेच्या पानांची हायमेनोकॅलिस नर्सरीत मिळते ती हौसेची निवड, तिला रानात शोधू नका. आणि वाइनच्या रंगाच्या पानांचं क्रायनम हल्ली फार्महाउसमधे लावतात तेही हौसेचंच.

पॅनक्रेशियमची पानं अरुंद, बऱ्याच जातींत राखाडी झाक असलेली, आणि ती कायम नसतात. पाऊस संपून माळ वाळला की पानं जातात, कंद जमिनीत झोपतो. पुढच्या वर्षी पहिल्या सरींनंतर कधी पानाबरोबर, कधी पानाच्या आधीच फूल येतं. म्हणून पॅनक्रेशियम ओळखायला तारीखही उपयोगी पडते. डिसेंबरमधे हिरवीगार स्पायडर लिली दिसली तर ती माळावरची पॅनक्रेशियम असायची शक्यता फार कमी. आणि कोकणात गणपतीला जाणाऱ्यांनो, तोपर्यंत त्यांची फुलं बहुतेक होऊन गेलेली असतात, तेव्हा सड्यावर गवतात बोंडं शोधायची, त्याचा फायदा पुढे सांगतो.

एक खात्रीची ट्रिक. एक जुनं, तसंही सुकायला आलेलं पान घ्या आणि ते झटक्यात न तोडता आडवं चिरून दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून लांब न्या. क्रायनम असेल तर दोन तुकड्यांच्या मधे रेशमासारखे अगदी बारीक धागे ताणले जातात, उजेडात धरलं की चमकतात. हायमेनोकॅलिस आणि पॅनक्रेशियममधे असे धागे निघत नाहीत. क्रायनमच्या कंदाच्या पापुद्र्यातूनही ते निघतात. फूल नाही, बी नाही, मान अजून तयार झालेली नाही, छोटं रोप आहे, अशा वेळी मी हेच करतो. फक्त हात धुवा नंतर, रस कातडीला खाजतो कधीकधी आणि डोळ्याला तर लावूच नका.

कंदावर येऊ. कंद बघायचा म्हणून रानातलं झाड उकरायचं नाही, हे एकदाच सांगतो. घरचं झाड कुंडी बदलताना दिसेल तेव्हा बघा. हायमेनोकॅलिसचा कंद बऱ्यापैकी गोल, वर आखूड मान, बाहेर तपकिरी पापुद्रे, आत पांढरा, आणि बाजूला पोरं इतकी की कुंडी फुटायला येते. बागेत ती वाढते ती मुख्यतः अशीच, माळीकाका बेट फोडतात आणि चार सोसायट्यांना वाटतात, म्हणून अख्ख्या गल्लीत एकच झाड असल्यासारखं दिसतं. नागदवण्याचा कंद गोल नसतो, तो लांबट, वरच्या खोट्या खोडातच मिसळून गेलेला, कुठे कंद संपला आणि कुठे मान सुरू झाली सांगता येत नाही. लॅटिफोलियमचा मात्र एकदम गोल आणि मोठा, पंधरा सेंटीमीटरपर्यंतही जातो, वजनदार. व्हिव्हिपॅरमचा चिखलात खोल रुतलेला, मान लांब. पॅनक्रेशियमचा छोटा, पार्व्हमचा तर दोन-चार सेंटीमीटरचा, वर लांब मान, कारण कंद उन्हापासून वाचायला खोल गेलेला असतो आणि पानांना वर यायला तेवढा रस्ता लागतो.

इथे एक धोक्याची गोष्ट. रानात नुसता कंद दिसला आणि वर काहीच नसेल तर तो रानकांदा, म्हणजे कोळकांदाही असू शकतो. त्याचं स्पायडर लिलीशी काही नातं नाही. उन्हाळ्यात पानं नसताना लांब सडसडीत दांडा येतो आणि त्याला बारीक मळकट तपकिरी-हिरवी फुलं लागतात, त्यात कसला स्पायडर आणि कसलं काय. पण कंद मात्र पांढरा, पापुद्र्यांचा, आणि हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असलेला, चांगलाच विषारी. कांद्यासारखा दिसतो म्हणून कांदा समजायचं नाही. खायच्या कांदा-लसणाचा वास पान चुरडल्यावर येतोच येतो, स्पायडर लिलीच्या पानाला तो येत नाही, हिरवट कच्चा वास येतो. हा फरक घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

आता बी. माझ्या मते हीच सगळ्यात भारी खूण आहे आणि हीच कोणी बघत नाही, कारण फूल गेलं की दांडा कापून टाकायची आपल्याला सवय. पॅनक्रेशियमचं बी काळं, कोरडं, हलकं आणि कोनाकोनाचं असतं. क्रायनम आणि हायमेनोकॅलिसचं बी हिरवं, मांसल, मोठं, बी कमी आणि छोटा कंदच जास्त वाटतो असं. म्हणजे दांड्याला बोंड धरलं आणि आत काळं बी निघालं तर पॅनक्रेशियम, वाद नाही, मग पेल्याचे दात मोजा नाहीतर नका मोजू. कोकणात गणपतीच्या सुमाराला सड्यावर बोंडं शोधा म्हटलं ते याचसाठी.

आणि हे बी असं का आहे हे कळलं की झाडाचं अख्खं राहणीमान कळतं. नागदवणा किनाऱ्याचा, त्याचं मोठं बी खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि लाटेबरोबर दुसऱ्या किनाऱ्याला लागतं, तिथे पाणी न घालता, नुसतं वाळूवर पडल्या पडल्या मोड येतो, कारण लागणारं पाणी आणि जेवण ते स्वतःबरोबर घेऊन आलेलं असतं. घरी करून बघा, बी नुसतं खिडकीत ठेवा, मातीशिवाय मोड येईल. आता याच्या उलट अमेरिकेत बघा, तिकडे अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या नद्यांत हायमेनोकॅलिस कोरोनेरिया नावाची स्पायडर लिली आहे, वाहत्या पाण्यात खडकांच्या फटीत कंद अडकवून उभी, मे-जूनमधे नदीच्या मधोमध पांढरी फुलं. विल्यम बार्ट्रम नावाच्या निसर्गप्रेमी माणसाने १७७३ साली सव्हाना नदीवर ती बघून लिहून ठेवलंय. तिचं बी तरंगत नाही, जड असतं आणि बुडतं, कारण तरंगलं तर प्रवाह ते थेट समुद्रात नेऊन टाकणार, बुडलं तर खाली पुढच्या फटीत अडकणार. दोन्ही बिया हिरव्या, दोन्ही मांसल, पण एक तरंगायला बनलेली आणि एक बुडायला. पॅनक्रेशियमची तिसरीच तऱ्हा, त्यांच्यातली भूमध्य समुद्राकाठची जी पॅनक्रेशियम मॅरिटिमम आहे तिचं काळं बी कोळशाच्या चुऱ्याइतकं हलकं, वाऱ्याने वाळूवर घरंगळतं आणि पाण्यावरही तरंगतं.

अमेरिकेचं निघालंच आहे तर हेही सांगतो, तिकडच्या लोकांना हायमेनोकॅलिस देशीच आहे, आणि त्यांची डोकेदुखी आपल्यापेक्षा मोठी, कारण त्यांच्याकडे एकाच घराण्यातल्या बऱ्याच जाती शेजारी शेजारी आहेत आणि सगळ्यांना पेला, सगळ्या पांढऱ्या. तिथे ते लोक पेला आहे का हे विचारतच नाहीत, ते विचारतात की फूल आलं तेव्हा पान होतं का. हायमेनोकॅलिस ऑक्सिडेंटॅलिस जंगलातली, उन्हाळ्याच्या शेवटी-शेवटी फुलते आणि तोपर्यंत तिची राखाडी-हिरवी पानं बरेचदा सुकून गेलेली असतात. लिरिऑस्मे लुइझियाना-टेक्सासकडच्या ओल्या खड्ड्यांत, नाल्यांत, वसंतात फुलते, पानं चकचकीत, पेल्याच्या मधे पिवळट-हिरवा डोळा. फ्लोरिडाच्या दलदलीतली पामेरी दांड्याला एकच फूल देते. फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावर लॅटिफोलिया, रुंद पानांची, वर्षभर हिरवी. आणि मग कंद बघतात, नुसता कंद आहे का त्यातून जमिनीखाली आडवे फुटवे निघालेत. तरीही काही जाती इतक्या जवळच्या की शेवटी गुणसूत्रं मोजायला लागतात. आपलं त्यामानाने सोपं आहे, आपल्याला आधी घराणंच ओळखायचंय.

देशी-विदेशीवरून कोणी भांडायला आलं तर एक लक्षात घ्या, आपल्या गावाला बाहेरची झाडं नवीन नाहीत. सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटी बाग, १८७९ ची. लक्ष्मीविलास पॅलेसच्या बागेचं काम गोल्डरिंग नावाच्या इंग्रज माणसाने केलं, आणि पुढे बंगलोरच्या लालबागेसाठी प्रसिद्ध झालेले जर्मन क्रुंबीगल १९०८ ला तिकडे जायच्या आधी आपल्या बडोद्यात महाराजांच्या बागा सांभाळत होते. लांबलांबची झाडं आणून लावणं ही तेव्हाची हौसही होती आणि अभ्यासही. रजनीगंधा मेक्सिकोची, पावसात येणारी ती छोटी गुलाबी रेन लिली अमेरिकेची, आपण कोणाला बाहेर काढत नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच की हायमेनोकॅलिसला देशी म्हणून "देशी झाडं लावा" मोहिमेत वाटू नका, त्या जागी नागदवणा लावा, तोही तेवढाच चिवट आहे, कमी पाण्यात राहतो, आणि तो खरंच या देशाचा आहे.

नावावरही जाऊ नका. नर्सरीत नागदवणा मागितलात तर कोणी भलतंच झुडूप काढून देईल, सुदर्शन म्हणालात तर कोणी लॅटिफोलियम देईल कोणी एशियाटिकम देईल, दोघंही त्यांच्या जागी बरोबर. पानांची रचना सांगा आणि मान आहे का बघून घ्या, पैसे वाया जायचे नाहीत.

अळीवरून ओळखायचा प्रयत्न करणारेही भेटतात. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लाल-केशरी डाग असलेली अळी येते आणि दोन दिवसात पानाची जाळी करते, ती पॉलिटेला नावाच्या पतंगाची. मला एकांनी सांगितलं की ही अळी फक्त देशी झाडावर येते. नाही हो, ती क्रायनम खाते, हायमेनोकॅलिस खाते, रेन लिली खाते, कळलावीही खाते, तिला पासपोर्ट बघायची सवय नाही. हाताने काढून साबणाच्या पाण्यात टाका, एवढंच.

विषाबद्दल थोडं, कारण घरात लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असतात. या कुळातल्या बहुतेक झाडांत लायकोरिन नावाचं द्रव्य असतं, कंदात जास्त, पोटात गेलं तर उलट्या होतात. जुन्या घरांत कान दुखला की सुदर्शनच्या पानाचा रस गरम करून कानात घालायचे, माझ्याही आजीने घातलाय, पण आता तसं करू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा, कारण पडद्याला भोक असेल तर काय होईल याची आजीला कल्पना नव्हती. याच कुळातल्या गॅलँटामिन नावाच्या द्रव्याचं औषध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात हे खरंय, पण ते मोजून, शुद्ध करून, गोळीतून. घरी पान वाटून नाही.

आता तुम्हाला कोणाकडून ओळखून घ्यायची असेल, मग तो मी असो, नाहीतर आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या बोटनी डिपार्टमेंटमधलं कोणी, त्यांच्याकडे वाळवलेल्या नमुन्यांचा चांगला संग्रह आहे, तर फोटो असे काढा. एक फूल बाजूने, नळीपासून पाकळ्यांच्या टोकापर्यंत पूर्ण येईल असं. एक पेल्याच्या आत डोकावून, पुंकेसर कशाला चिकटलेत ते दिसायला हवं, मागे काळा कागद किंवा कोणाचा तरी गडद शर्ट धरा कारण पांढऱ्यावर पांढरं कॅमेऱ्याला दिसत नाही. एक झाडाच्या बुडाचा, अगदी जमिनीजवळ फोन नेऊन, खालचा पालापाचोळा बाजूला सारून, पानं दोन ओळींत आहेत का गोल फिरलीत ते कळेल असा. शेजारी पट्टी नाहीतर पेन ठेवा मापाला. कुठे होतं ते लिहा, बागेत, माळावर, नदीकाठी, किनाऱ्यावर, आणि महिना लिहा. आणि दांडा कापू नका, बोंड धरतंय का बघा, धरलं तर पिकेपर्यंत थांबा आणि आतलं बी काढून त्याचाही फोटो पाठवा.